गिऱ्हाइकं का येतात

"मामा, एक साबण द्या. नेहमीचाच."

मामांनी मागे न बघताच हात वर केला आणि फळीवरून साबण काढला. कागदात गुंडाळला, दोरा फिरवला, बोटाभोवती पीळ देऊन तोडला. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेली बाई ते बघतच राहिली.

बघणं हेच तिचं काम होतं. लोक काय घेतात, कुठून घेतात आणि का, हे ती एका मोठ्या कंपनीसाठी शोधत असे. रस्त्यापलीकडे चकचकीत सुपरमार्केट आल्यापासून इथली छोटी दुकानं एकेक करून मिटली होती. हे एकच उघडं दिसलं, म्हणून ती थांबली. अशा दुकानांना माल देणं बंदच करावं, असं कंपनीत ठरत आलं होतं. तिला ते पटत नव्हतं. पण साहेबांपुढे नुसतं 'पटत नाही' म्हणून भागणार नव्हतं.

मामांच्या सुनेने तिला बसू देताना जरा आढेवेढे घेतले. "बसा. पण बाबांना फार काही विचारू नका, गोंधळतात ते. आणि गिऱ्हाइकांना अडवू नका."

गिऱ्हाइकं येतच होती. शिंपी चहाची पुडी घेऊन गेला, जाताना हवापाण्याच्या गप्पा मारून गेला. मग केस पिकलेली एक बाई आली.

"काय गं, सुटली का शाळा?" मामांनी विचारलं.

"आत्ताच सुटली, मामा." तिने चेहरा अगदी गंभीर ठेवला होता.

स्टुलावरच्या बाईला हसू आलं. पलीकडे अशी थट्टा कोण करणार?

कुणी भाव करत नव्हतं. कुणी वेष्टनावरची तारीख उलटून पाहत नव्हतं. इतका विश्वास तिने कुठल्याच बाजारात पाहिला नव्हता. तिला वडील आठवले. त्यांचं बोट धरून ती अशाच एका दुकानात जायची. दुकानदार तिला उचलून गोणीवर बसवायचा, हातावर लिमलेटची गोळी ठेवायचा. घरी येईपर्यंत ती गोळी गालात पुरवायची. ते दुकान कधी बंद झालं, तिला कळलंही नव्हतं.

निघताना तिने चहाची एक पुडी मागितली. मामा ती बांधणार, तेवढ्यात सुनेने अलगद काढून घेतली.

"तुम्ही कशाला घेताय? आमच्या पाहुण्या ना तुम्ही."

"माल कधी येतो हो तुमचा? गाडी दिसली नाही," तिने विचारलं.

"सकाळी लवकर," सून म्हणाली आणि फळ्या आवरायला वळली.

कंपनीत साहेबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे समोर स्वस्त मिळत असूनही लोक तिथेच जातात?"

"साबण समोरही मिळतो, सर. पण तिथे 'काय गं' म्हणून विचारणारं कुणी नाही. आपण त्यांना माल देणं थांबवलं, तर तेही जाईल."

ती इतकं मनापासून बोलली की साहेबांनी समोरचा कागद मिटून बाजूला ठेवला. त्यांनाही बहुधा कुठलं तरी दुकान आठवलं असावं. "ठीक आहे," ते शेवटी म्हणाले. "छोट्या दुकानांचा माल चालू राहील."

संध्याकाळी ती ही बातमी सांगायला निघाली. दुकानाच्या दारात गर्दी होती, मामा रंगात येऊन कुणाला तरी जुनी गोष्ट सांगत होते. आधी सुनेला सांगू, म्हणून ती बोळातून मागच्या दाराकडे वळली.

तिथे शिंपी उभा होता. त्याच्यामागे ती केस पिकलेली बाई, आणखी दोघं-तिघं. सगळ्यांच्या हातात पिशव्या होत्या. सून एकेक बांधलेला पुडा काढून टोपलीत टाकत होती आणि ज्याचे त्याला पैसे परत देत होती. रोजच्या कामासारखं चाललं होतं.

सुनेची नजर तिच्याकडे गेली. तिने टोपली खाली ठेवली आणि पुढे येऊन मागचं दार हलकेच लोटून घेतलं.

"दुकान बंद होऊन कितीतरी वर्षं झाली, ताई," ती हळू आवाजात म्हणाली. "बाबांना तेवढं माहीत नाही."