सासऱ्यांची सही

"माझ्या हयातीत बोल्टचा सांधा तसूभरही हलला नाही," सासरे गुरगुरले, आणि तसं लिहून सही केलेला कागद त्यांनी सुनेच्या अंगावर भिरकावला. दोघंही इंजिनियर, शाळेचं पोलादी छत याच सांध्यांवर उभं राहणार होतं. सांधा थोडा वळतो, ते धरून हिशोब करा, असं तिने तीनदा सुचवलं होतं, आणि तीनदा चारचौघांत बोलणी खाल्ली होती. आज तिने चाचणीच्या यंत्रावर खांबाला बोल्टने जोडलेल्या तुळईला भार दिला. तुळई आणि खांबामध्ये केसाएवढी फट पडली, तसा तिने तोच कागद आत सरकवला. "भार काढ," सासरे ओरडले. तिने काढला. फट मिटली, कागद आवळला गेला, सही बाहेर राहिली. त्यांनी ओढून पाहिला. निघेना. कामगार बघत होते. "कागद हवाय ना, बाबा?" तिने विचारलं. "मग म्हणा, 'सांधा उघड'."