कानपिळीचा मान

"दोन्हीकडं चि. सौ. कां.?" छापखानावाल्यानं मोबाईलवरचा मजकूर पुन्हा वाचून विचारलं.

"दोन्हीकडं," राजेश्री म्हणाली.

त्यानं तिच्याकडं पाहिलं, मग शेजारी उभ्या असलेल्या प्रियांकाकडं पाहिलं आणि मान खाली घालून टाईप करायला लागला. राजेश्रीच्या आजी कस्तुराबाई बाकावर टेकल्या होत्या.

"त्यातलं चिरंजीव ठळक लिवा, भाऊ," त्या म्हणाल्या. "अजून लय जगायचं हाय."

छापखानावाला हसला. मानवतमध्ये त्यानं अशी पत्रिका याआधी छापली नव्हती.

लग्न ठरल्यापासून राजेश्री आणि प्रियांका सुट्टी काढून पुण्याहून आल्या होत्या आणि सगळीकडं सोबतच हिंडत होत्या. या लग्नाची कुठल्याही कचेरीत नोंद होणार नाही, हे त्यांनी घरात आधीच स्पष्ट सांगितलं होतं. कस्तुराबाईंना त्याचं काही वाटलं नाही. त्यांच्या वेळी बोरीत कुणाच्या लग्नाची कुठं नोंद झाली होती? गावानं अक्षता टाकल्या की लग्न लागलं.

भटजी नाही म्हणाले, तेव्हा मंगलाष्टकं शाळेतल्या एका निवृत्त बाईंनी म्हणायची ठरली. वरपक्ष, वधूपक्ष असं काही नव्हतं, त्यामुळं रुसण्याफुगण्याचा प्रश्नच उरला नाही. सगळे एकाच पंगतीला बसणार होते. आणि हळदीला किंवा चुड्याला कुठल्याही विधवेला बाजूला बसवायचं नाही, हे कस्तुराबाईंनी सगळ्यात आधी ठरवून टाकलं होतं.

चुड्याच्या दिवशी कासारीण अंगणात बसली. पहिला हात शेजारच्या कडूबाईंनी पुढं केला. त्यांचं रिकामं कपाळ बघून कासारीण थबकली.

"भर, बाई," कस्तुराबाई म्हणाल्या. "आज समद्यांनाच भरायच्यात."

मग प्रियांकाच्या आजी, सुगंधाबाई बसल्या. नाती एकमेकींना ओळखत होत्या त्या या दोघी आज्यांमुळंच. राणीसावरगावात जन्मभर मेंढरं राखून सुगंधाबाईंचा हात रुंद झाला होता. बांगडी अंगठ्याच्या हाडाशी अडली. कासारणीनं मोठं माप काढायला घेतलं, पण कस्तुराबाईंनी तो हात आपल्या मांडीवर ओढला, साबणाचं पाणी लावलं आणि हळूहळू दाबत बांगडी वर चढवली.

"बांगडी भरायलीस का मेंढरू कातरायलीस?" सुगंधाबाई म्हणाल्या. सगळं अंगण हसलं.

राहिली होती कानपिळी. लग्न लागलं की नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा आणि मानाची टोपी मिळवायची. राजेश्रीचा भाऊ महारुद्र याला प्रश्न पडला होता की दोन्हीकडं नवरीच, मग कान कुणाचा पिळायचा? प्रियांकानं तिथल्या तिथं नियम काढला. ज्या नवरीचा भाऊ येईल, त्यानं समोरच्या नवरीचा पिळायचा.

"म्हणजे मी नवा शर्ट घेऊ?" महारुद्रनं विचारलं.

"शर्ट घे. बाकी आजीवर सोड," राजेश्री म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कस्तुराबाई एसटीनं बोरीला गेल्या. माहेरचं एकच माणूस उरलं होतं, धाकटा भाऊ दिनकरराव. तो आला नाही तरी लग्न लागलंच असतं. पण कस्तुराबाईंना ते लागल्यासारखं वाटलं नसतं.

माहेरच्या याच ओसरीसमोर कस्तुराबाईंचं लग्न लागलं होतं. दिनकर तेव्हा एवढासा होता. कानपिळीची वाट बघत तो जोंधळ्याच्या पोत्यांवर झोपून गेला. चुलतभावानं कान पिळला आणि टोपी घेतली. सकाळी वऱ्हाडाच्या गाडीमागं दिनकर रडत ओढ्यापर्यंत पळत आला होता. ते रडणं कस्तुराबाईंच्या कानात अजून होतं.

दिनकररावांनी पत्रिका वाचली आणि उलटी करून खाटेवर ठेवली.

"अक्का, हे वय हाय का असलं करायचं? आन् ती बी मेंढरंवाल्याच्या घरची."

"तुझं डोळ्याचं आप्रेशन झालं, तवा माझ्याकडं राहिलास. डोळ्यात औषध कोन घालत होतं? तवा न्हाई इचारलंस कुणाच्या घरची ते."

दिनकररावांनी चहाचा कप बाजूला सारला. चहा निवून गेला. गुडघे दुखायलेत, गाडीत बसवत न्हाई, असं काहीबाही सांगून झालं. मग हळूच म्हणाले, "नवरदेवच न्हाई, तर कान कुणाचा पिळायचा?"

कस्तुराबाईंनी पिशवीतून नवी पांढरी टोपी काढली आणि पत्रिकेवर ठेवली.

"तू ये तर. कान मी दाखवते."

लग्नाच्या दिवशी कार्यालय भरून गेलं. जेवणाचा वास सुटला होता. मंगलाष्टकवाल्या बाईंनी दोनदा विचारलं, सुरू करायचं का? कस्तुराबाईंची नजर दारावर होती. परभणीची गाडी येऊ द्या, त्या म्हणाल्या. बाईंनी घड्याळाकडं पाहिलं आणि पुन्हा बसल्या.

मग दारात गर्दी हलली. आधी पांढरी टोपी दिसली, मग काठी, मग दिनकरराव. ते मागच्या खुर्चीवर जाऊन बसले.

"आता धरा अंतरपाट," कस्तुराबाई म्हणाल्या.

एक टोक राजेश्रीनं धरलं, दुसरं प्रियांकानं. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, अंतरपाट खाली आला. बाईंनी कानपिळीसाठी नवरीच्या भावाला हाक दिली. नव्या शर्टातला महारुद्र जागचा हलला नाही. मागच्या खुर्चीवरून दिनकरराव काठी टेकत उठले, पाटापर्यंत आले, आणि सुगंधाबाईंनी मुंडावळी बाजूला सारून कान पुढं केला.