आठवं मूल

"सातच?" ओरोसहून आलेल्या साहेबांनी वर्गावरून पुन्हा नजर फिरवली. "बाई, योजनेत आठ मुलं लागतात."

"आठवा भिकाजी होता, साहेब. वडील गोव्याला कामाला गेले, बिऱ्हाडच हललं." शुभदा म्हणाली.

"मग दुसरं मूल आणा. शनिवारपर्यंत थांबतो. नाहीतर वर्ग बंद आणि यंत्रं परत."

यंत्रं मुलांच्या छातीवर होती, कापडी पिशवीत बांधलेली. तिथून वायर कानापर्यंत. गावच्या साध्याच शाळेच्या कोपऱ्यातल्या खोलीत बहिऱ्या मुलांचा हा वर्ग भरायचा. सकाळी मुलं शुभदाकडे आवाज शिकत, दुपारी इतर पोरांत मिसळून गणिताला बसत.

धोंडू आरशासमोर बसला होता. शुभदाने त्याच्या ओठांपुढे कागदाची पट्टी धरली. धोंडूने गाल फुगवले.

"प!"

पट्टी फडफडली. धोंडू स्वतःच दचकला, मग खुदकन हसला. साहेबही हसले. हसत हसतच त्यांनी बॅग बंद केली.

ते गेल्यावर हेडमास्तर काशिनाथ गुरुजी पडवीत पान जमवत बसले.

"माणूस वायट नाय हो. पण नियम म्हटल्यावर काय करतलो?" त्यांनी चुना लावला. "तुमची सीता अजून तुमच्या आईकडेच? हयसर असती तर यंदा पहिलीत बसली असती."

"हो, विजयदुर्गला. माझी शाळा, सासूबाईंचे गुडघे. घरी बघणार कोण?"

"बरा केल्यात. आजोळाक पोरां सुखात असतत." मग आवाज उतरवून म्हणाले, "वरच्या वाडीत सत्यवानाकडे जावन बघा. त्याच्या धाकट्या चेडवाबद्दल लोक कायबाय बोलतत."

शुभदा त्याच संध्याकाळी गेली. सत्यवान बोटीवर होता. त्याची बायको जानकी खळ्यात सोडे वाळत घालत होती. घरात रेडिओ मोठ्यानं लावलेला आणि ऐकायला कुणी नाही. असा रेडिओ कशासाठी लावतात, हे शुभदाला कुणी सांगायला नको होतं.

"येवा बाईनू, बसा. च्या टाकतंय."

"चहा राहू दे, वहिनी. तुमच्या धाकटीला भेटायला आले."

जानकीचा हात सोड्यांवरच थांबला. "आनंदी? ता आजोळाक आसा. दोडामार्गाक."

या भागात असली पोरं नेहमी आजोळीच असत.

तेवढ्यात रेडिओच्या वरताण एक ओरड आली. तिला शब्द नव्हता.

"वासरू," जानकी म्हणाली.

गोठा रिकामा होता. दोघींनाही दिसत होतं. दोघीही खाली बघत राहिल्या.

"वहिनी, तिला शाळेत पाठवा. आमचा धोंडू आज 'प' म्हणाला. हीसुद्धा बोलेल. पण बोलायचं एक वय असतं हो. ते निघून गेलं, की मग कितीही रडलं तरी…"

"माका कळणा नाय, असा वाटता तुमका?" जानकी एकदम उसळली. "ऐतवारी थोरल्या चेडवाक बघूक मानसां येतली. धाकटां मुक्यां आसा असा कळला, तर थोरल्याक कोण पदरात घेतलो? तुमी घेतल्यात?"

"म्हणून हिला कोंडायचं?"

"दुसऱ्याच्या पोरांचा सांगूक काय जाता, बाई! सोपा असता ता." तिने पदर तोंडावर धरला. "थोरल्याचा जुळान्दे. मगे बगूया."

"मग उशीर झालेला असेल." शुभदाचा आवाज चिरकला. "पोरीला सगळं कळत असतं, वहिनी. आई आपल्याला लपवते, हेही कळतं."

जानकी उठून आत गेली. रेडिओ आणखी मोठा झाला.

शुभदा आणखी चार घरं फिरली. चहा सगळीकडे मिळाला.

शनिवारी साहेब लाकडी पेटी घेऊन आले. सोबतच्या शिपायाने पेटी उघडली आणि यंत्रं एकेक करून आत जाऊ लागली. मुलांना वाटलं, सेल बदलायचे आहेत. ती रांगेत उभी राहिली, एकमेकांना ढकलत, हसत.

"यांचं आता काय, साहेब?"

"ज्याच्या त्याच्या वर्गात बसतील."

म्हणजे शेवटच्या बाकावर. शुभदाला ते बाक माहीत होते. तिथे पोरं खिडकीतून बाहेर बघत मोठी होतात आणि एक दिवस यायची बंद होतात.

"एक मूल, बाई. एकच मिळालं असतं तरी मी सही केली असती," साहेब म्हणाले. त्यांनाही बरं वाटत नव्हतं.

धोंडूने पिशवी दोन्ही हातांनी गच्च धरून ठेवली होती. शुभदाने त्याचं एकेक बोट सोडवलं. यंत्र गेल्यावर त्याने, तिनेच शिकवलं होतं तसा, तिच्या गळ्यावर तळवा ठेवला आणि ती बोलायची वाट बघत राहिला.



खाडी ओलांडून ती घरी आली तेव्हा सासूबाई पडवीत पाय पसरून वाती वळत होत्या.

"बंद झालो तुजो वर्ग?"

"हो."

"बरा झाला. आता घराकडे बघ जरा. पेज वाढून ठेवलंय, नेवन दी."

शुभदाने ताट उचललं. मागच्या खोलीची कडी काढली. करकरत दार उघडलं. भिंतीकडे तोंड करून बसलेली मुलगी काजूच्या बिया एकापुढे एक मांडत होती.

"सीता," शुभदा दारातूनच म्हणाली. मग जवळ गेली, ताट खाली ठेवलं आणि तिच्या खांद्याला हात लावला. तेव्हा कुठे ती वळली.