सुनावणीतला ढोल

"माईक घेतला रे! वाजव!" आकाश ओरडला आणि रणजीतने ढोलावर टिपरू हाणलं. दोनशे पोरांनी एकच कल्ला केला. स्टेजवरचा माणूस माईक धरून तोंड हलवत होता, पण त्याचा एक शब्द कुणाच्या कानावर पडेल तर शपथ! शेवटी वैतागून तो खाली उतरला. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

समोरची टीम पेनल्टी मारायला आली की करतात, तसंच हे. गोलपोस्टमागे उभं राहून असा गलका करायचा की मारणाऱ्याचा पाय लटपटलाच पाहिजे. यात तुर्भे इलेव्हनच्या सपोर्टरांचा हात धरणारं अख्ख्या नवी मुंबईत कुणी नव्हतं आणि आकाश त्यांचा म्होरक्या. आज मात्र मॅच नव्हती. नव्या फुटबॉल स्टेडियमची जनसुनावणी होती. ज्याची काही हरकत असेल, त्याने आज साहेबांसमोर बोलायचं. आजचा दिवस शेवटचा.

आणि स्टेडियम नको कुणाला होतं? आकाशने तर त्याचा ध्यासच घेतला होता. गोदामांमागच्या खडकाळ मैदानावर, ट्रकांच्या धुळीत टीम खेळायची. गुडघे सोलून निघायचे. बघणाऱ्यांना टेकायला जागा नाही, प्यायला घोटभर पाणी नाही. आता तिथे गवत येणार होतं, मोठाले दिवे येणार होते. गोलमागचा अख्खा स्टँड आपला, असं सुयश म्हणाला होता. सुयश नेरुळच्या सोसायटीतला, शिकलेला पोरगा. नकाशे वगैरे त्याला कळायचे.

"विरोध करणारे सगळे ट्रक पार्किंगवाले आहेत, भावा. धंदा बसेल ना त्यांचा! तुमच्या वस्तीचं टेन्शन घेऊ नको. ती फेज टूमध्ये आहे," त्याने आकाशला सांगितलं होतं.

मैदानाला लागूनच ती वस्ती. आकाश आणि त्याची आई गिरजाबाई तिथे पत्र्याच्या खोलीत राहायचे. फेज टू म्हणजे नेमकं काय, हे आकाशने विचारलंच नाही. शिकलेल्या दोस्तासमोर अडाणी कशाला दिसा! विचारलं असतं तर काय बिघडलं असतं?

पुढचं नाव पुकारलं गेलं. गोंगाटात तेही बुडालं. आकाश खुर्चीवर चढून, स्टेजकडे पाठ करून उभा होता. म्होरक्याची रीतच तशी. सगळे मॅच बघतात, तो मॅचकडे पाठ फिरवून पोरांना ओरडायला लावतो. कितीतरी गोल त्याने असेच, पोरांच्या तोंडाकडे बघून, ओळखले होते.

मध्येच रणजीतचा हात थांबला. तो आकाशच्या खांद्यावरून स्टेजकडे बघत राहिला.

"थांबतोस काय, येड्या? हाण!"

रणजीत काहीतरी बोलला. आकाशने ऐकून घेतलं नाही. त्याने दोन्ही हात वर केले, घसा फुटेस्तोवर आरोळी ठोकली. रणजीतने मान खाली घालून ढोल वाजवला. हॉल नुसता दणाणून गेला.

मग साहेबांनी घड्याळ बघितलं. माईक बंद झाला आणि पडद्यावर नव्या स्टेडियमचं चित्र आलं. पोरं नाचायला लागली. आकाशही वळला. काय देखणं होतं ते! त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग सवयीने तो चित्रात आपली गल्ली शोधायला लागला. विहारावरचा पंचशील झेंडा दिसेना. पाण्याची टाकी दिसेना. तिथे रांगेत गाड्या उभ्या होत्या.

"सुयश, आमचा विहार कुठाय?"

"अरे, तीच ना फेज टू. तिथे पार्किंग येणार." सुयश मोबाइलवर शूटिंग करत होता. "तुम्हाला जागा देतील रे, तळोज्याच्या पुढे कुठेतरी."

आकाश खुर्चीवरून उतरून रणजीतकडे वळला. "आणि आता शेवटी बोललं कोण?"

रणजीतने ढोल खाली ठेवला. "तुला सांगत होतो मी. तुझी आई होती."

आई? आई तर सकाळीच एपीएमसी मार्केटला कांदे निवडायला गेली, असं तो धरून चालला होता. माणसांना ढकलत तो स्टेजवर धावला. साहेब बॅग भरत होते.

"साहेब, त्या बाईंना परत बोलू द्या. पाया पडतो!"

"वेळ संपली."

"मग त्या काय बोलल्या, तेवढं तरी सांगा."

"या गोंधळात कुणाला काय कळणार? काही ऐकू आलं नाही, असंच वर जाईल." साहेबांनी त्याच्याकडे निरखून बघितलं. "आणि तुम्हीच ओरडत होता ना?"

बाहेर पायरीवर गिरजाबाई वस्तीतल्या बायकांबरोबर बसली होती. ठेवणीतलं लुगडं नेसली होती. बायकांनी आकाशला बघून तोंडं फिरवली. तो आईच्या पायाशी बसला. तिने चार मुस्काटात मारल्या असत्या, तरी त्याला बरं वाटलं असतं.

"आई, मला नव्हतं माहीत गं. खरंच नव्हतं." त्याला हुंदका आवरेना. "शिव्या दिल्यास ना स्टेडियमला? द्यायलाच पाहिजेत."

"शिव्या?" बोलून बोलून तिचा घसा बसला होता. "समद्या बाया विरोधच कर म्हनत व्हत्या. मीच त्यास्नी पटवलं. साहेबाला म्हनलं, स्टेडियम बांधा, माझं लेकरू तिथं वरडनार हाय. फकस्त त्याचा आवाज घरात ऐकू येईल, एवढ्या जवळ आमाला ऱ्हाऊ द्या."