मनोऱ्याची दहावी पायरी

दादांनी पायऱ्या तिसऱ्यांदा मोजल्या. दहा. मग चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि सुईचं टोक एकेका पायरीवर टेकवत चौथ्यांदा मोजल्या. तरी दहाच.

टेबलावर घड्याळाचा मनोरा उभा होता. वीतभर उंच, जाड कागद कापून, दुमडून, चिकटवून केलेला. मनोरा उतरला होता दादांच्या डोक्यातून, पण ज्या खोक्यातून तो आला त्यावर नाव होतं बाजारपेठेतल्या एका बड्या दुकानाचं. कापून जोडायचे असे कागदी संच काढणं हा दादांचा धंदा. त्यांचा स्वतःचा मनोऱ्याचा संच अजून छापखान्याची पायरी चढला नव्हता आणि हा मात्र खुशाल विकला जात होता.

"किती?" धाकट्याने विचारलं. हा दादांचा सख्खा भाऊ. छपाई, पोचवापोचवी, फोनाफोनी, सगळी धावपळ त्याच्याकडे.

"दहा."

"मग मास्तरच."

खऱ्या मनोऱ्याला नऊच पायऱ्या आहेत हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. दहावी दादांनी मुद्दाम काढली होती, आणि तीही फक्त मास्तरांच्या प्रतीत.

गेल्या वर्षी दादांचा पुलाचा संच असाच चोरीला गेला होता. नवा संच छापण्याआधी त्याच्या दोन प्रती बाहेर जायच्या, एक दाताच्या डॉक्टरांकडे आणि एक मास्तरांकडे. त्या दोघांनी तो जोडून बघायचा आणि कुठली पट्टी बसत नाही, कुठली दुमड उलटी पडते ते कळवायचं. मास्तर शाळेत भूमिती शिकवायचे. बावीस वर्षं प्रत्येक खोक्यावर दादांच्या नावाखाली त्यांचं नाव छापलं जात होतं, 'जोडून पाहिले' असं लिहून. दादांची आणि त्यांची मैत्री त्याहून जुनी.

पुलाच्या वेळी दादांनी कोणाचं नाव घेतलं नव्हतं. या खेपेला मात्र त्यांनी डॉक्टरांच्या प्रतीत एक खिडकी जास्त काढली आणि मास्तरांच्या प्रतीत एक पायरी. चोर कोण ते कागदच सांगणार होता. हे गुपित धाकट्याखेरीज कोणालाच ठाऊक नव्हतं. दादांचा गुडघा सुजला होता, तेव्हा दोन्ही पाकिटंही त्यानेच पोचती केली.

डॉक्टरांची चिठ्ठी चार दिवसांत आली. 'एक खिडकी जास्त आहे. झोपेत काढलीत का?' मास्तरांकडून चिठ्ठी आली नाही. धाकट्याने नुसता निरोप आणला, "सगळं नीट बसलं म्हणाले."

केसभर चुकलेल्या पट्टीसाठी दोन पानी पत्र लिहिणारा माणूस, आणि त्याला अख्खी पायरी दिसली नाही? दादांच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच. त्यात मास्तरांचं रविवारचं येणंही बंद झालं. दुपारी दोन माणसांचा चहा करून दादा दाराकडे बघत बसत आणि शेवटी दोन्ही कप स्वतःच पीत.

मनोरा हातात आला त्या दिवशी दादांनी फोन लावला.

"बऱ्याच दिवसांत आला नाहीस."

"हं."

"मला काही सांगायचंय का तुला?"

मास्तर म्हणाले, "जे झालं ते झालं. आता कशाला उकरून काढतोस?"

दादांनी फोन ठेवला. हा कबुलीजबाब नव्हता तर काय होतं? त्यांना राग यायला हवा होता, पण आधी रडूच आलं. धाकटा शेजारी बसून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

"खोक्यावरचं नाव काढ आता," तो म्हणाला. "जागा रिकामी दिसेल असं वाटत असेल तर माझं घाल. आणि तू तिकडे जाऊ नकोस, दादा. शब्दाने शब्द वाढतो. वरून तो गुडघा."

दादांनी मास्तरांचं नाव खोडलं. वेष्टन दुसऱ्या दिवशी सकाळी छापायला जायचं होतं. एकदा छापलं की बावीस वर्षांवर पडदा पडणार. संध्याकाळी धाकटा बाहेर पडताच त्यांनी काठी उचलली. चोर तर चोर, पण त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून एकदा विचारायला हवं होतं.

दोन मजले चढताना ते चार वेळा थांबले. मास्तरांनी दार उघडलं, त्यांच्या गुडघ्याकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे सरकवली.

"बस."

"बसायला नाही आलो."

खोलीत दादांनी नजर फिरवली. पूल होता, गिरणी होती, बंदरावरचं गोदाम होतं, सगळे संच फळीवर ओळीने मांडलेले. मनोरा नव्हता. लपवलाच असणार.

"बावीस वर्षं," दादा म्हणाले. "एकदा तोंडावर सांगायचं होतंस."

"मी?" मास्तर म्हणाले. "सांगायचं तू होतंस. मी इथे तीन महिने वाट बघतोय."

"उलट्या बोंबा नकोत. मनोऱ्याची माझी प्रत परत दे. कापलेली असो, जोडलेली असो, असेल तशी दे. मी निघतो."

"कसली प्रत? तुझा धाकटा आला तो रिकाम्या हाताने. म्हणाला, दादाला तुमचं काम आता पटत नाही, तेव्हा यापुढे रविवारी येऊ नका."