दोन बोटं

जुना ट्रक विकायला काढलेला मालक ऐटीत उभा होता. गिऱ्हाईकानं सोबत आणलेली मेकॅनिक पोरगी गाडीखालून बाहेर आली आणि तिनं हात झटकले.

"मागच्या चाकांचा एक्सल दोन बोटं डावीकडे सरकलाय. मालक, मोठा अपघात लपवताय तुम्ही. भंगारात घाला ही गाडी!"

मालकाचं पित्त खवळलं. "कसला अपघात? घेतली तेव्हापासून एक्सल असाच आहे! मागून बघणाऱ्याला गाडी तिरकी चाललेली दिसते, एवढंच!"

तिला एवढंच वदवून घ्यायचं होतं.



फाटकाकडे वळून तिनं हाक मारली, "बाबा, आत या! 'पिऊन गाडी तिरकी चालवतो' म्हणून तुम्हाला चारचौघांत या ट्रकच्या ड्रायव्हरकीवरून हाकलणारे मालक आज काय म्हणतायत, ते ऐका!"