आतली कडी

म्हाळसाबाईच्या न्हाणीला दार नव्हतं. तीस वर्षं ती लुगड्याच्या पडद्याआड, कुणी येईल का या धाकात घाईघाईनं न्हायची. यंदा तिच्या नवऱ्यानं, ग्यानबानं, मोबाइलवर बघून बघून फरशीच्या दुकानातल्या उरल्यासुरल्या फरशा स्वतःच बसवल्या. पत्र्याचं दार लावलं, दाराला आतून कडी.

“फरशी वाकडी बसली की वो!” ती हसली.

“वाकडी तर वाकडी. कडी लावून निवांत न्हा. पर सिमेंटला आठ दिस पानी मारावं लागतंय, तवर दम धर.”

“तीस वर्सं धरला की. आठ दिसानं काय व्हतंय?”



सहाव्या दिवशी शेजारणींनी अंगणात चहूबाजूंनी लुगडी धरली आणि म्हाळसाबाईला अखेरची आंघोळ घातली; आत ग्यानबा फरशीला पाणी मारत होता, अजून दोन दिवस मारायचं होतं.